लाकूड पुरेल, लांब तंतूंचं काय?

सालपट

कागदाला जंगल पुरणार का, ही चर्चा बहुधा "एका टन कागदाला इतकी झाडं" इथून सुरू होते आणि तिथेच फसते. झाड हे माप नव्हे. सहा वर्षांची निलगिरीही झाड आणि ऐंशी वर्षांचा स्प्रूस (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) हेही झाडच. लगदा कारखान्याला तीन आकडे लागतात: एका घनमीटर लाकडात पूर्ण कोरडं लाकूड किती किलो, त्यातून लगद्याचा उतारा किती टक्के, आणि तंतू किती मिलिमीटरचा.

हिशेब मांडू. बाजारातला लगदा ९० टक्के कोरडा धरतात, म्हणजे टनामागे ९०० किलो तंतू. निलगिरीच्या ब्लीच केलेल्या क्राफ्ट (अल्कली रसायनांत लाकूड शिजवून काढलेल्या) लगद्याचा उतारा ५० टक्के धरला तर १,८०० किलो कोरडं लाकूड लागतं. घनता घनमीटरला ५०० किलो असेल तर ३.६ घनमीटर. पाइन किंवा स्प्रूसचा उतारा ४५ टक्के आणि घनता ४०० धरा: २,००० किलो, म्हणजे ५ घनमीटर.

आता वाढ. ब्राझीलमधल्या चांगल्या निलगिरी रोपवनात हेक्टरी वर्षाला ३५ ते ४० घनमीटर लाकूड येतं आणि तोड ६-७ वर्षांनी. उत्तर युरोपातल्या स्प्रूसला ५ घनमीटर म्हणजे चांगलं, आणि तोडीला ६० ते १०० वर्षं. वरच्या आकड्यांनी भागून पाहा: निलगिरीचा हेक्टरी वर्षाला सुमारे १० टन लगदा, स्प्रूसचा १ टन.

एवढा फरक असल्यावर नवा पैसा कुठे जाणार हे उघड आहे. २०२३ मध्ये उरुग्वेत पासो दे लोस तोरोसला २१ लाख टनांचा कारखाना सुरू झाला, २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या रिबास दो रिओ पार्दोला २५.५ लाख टनांचा. दोन्ही निलगिरीचे. लांब तंतूत, म्हणजे स्प्रूस-पाइनच्या लगद्यात, त्या आकाराचं नवं नाव म्हणजे २०२३ चा फिनलंडमधला केमी, १५ लाख टन.

अडचण अशी की निलगिरीचा तंतू ०.७ ते १ मिमी आणि स्प्रूस-पाइनचा २.५ ते ३.५ मिमी. दोन्ही एकमेकांची जागा सहज घेत नाहीत. पुढच्या वीस-तीस वर्षांत लांब तंतू कुठून येणार, यावर ज्यांचा हात त्या कामात आहे त्यांनी लिहावं.

वनरेषा

हिशेब बरोबर, पण लांब तंतू म्हणजे फक्त उत्तर गोलार्धाचं थंड टोक, असं धरू नका. अमेरिकेच्या आग्नेय भागातला लॉब्लॉली पाइन आणि चिली-न्यूझीलंडमधला रेडिआटा पाइन २० ते ३० वर्षांत तोडीला येतात. मात्र यांचा तंतू जाड भिंतीचा, भरड. पोती, लायनर (खोक्याच्या बाहेरच्या थराचा कागद), खोक्यांचा पुठ्ठा यांना उत्तम. मऊ टिश्यूला किंवा हलक्या छपाई कागदाला तितका नाही, कारण तंतू जड असले की एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या कमी भरते. "लांब तंतू" हा एकच माल नाही, ही पहिली दुरुस्ती.

दुसरी दुरुस्ती घनमीटरबद्दल. रोपवनवाले वाढ घनमीटरमध्ये सांगतात आणि त्यातच क्लोनची (एकाच झाडापासून वाढवलेल्या हुबेहूब रोपांची) निवड चुकते. समजा 'अ' क्लोन ४५ घनमीटर देतो, घनता ४३०, उतारा ५० टक्के. 'ब' क्लोन ३८ घनमीटर, घनता ५२०, उतारा ५२ टक्के. शेतात 'अ' डोळ्यांत भरतो. गुणाकार केला तर 'अ' हेक्टरी वर्षाला १०.७ टन लगदा देतो आणि 'ब' ११.४ टन. शिवाय एका टन लगद्यामागे 'अ'चं ४.२ घनमीटर लाकूड तोडा, सोला, वाहून आणा, 'ब'चं ३.३. तोड आणि वाहतुकीचा खर्च घनमीटरवर चढतो, तंतूवर नाही.

घनतेलाही वरची मर्यादा आहे. ६०० च्या पुढे गेलं की चिप्समध्ये (शिजवायला केलेल्या लाकडाच्या तुकड्यांत) लिकर, म्हणजे शिजवायचं द्रावण, शिरायला त्रास होतो आणि तुकडे करणाऱ्या चिपरच्या सुऱ्या लवकर बोथट होतात.

आता बिघाड. क्लोनचं रोपवन म्हणजे हजारो हेक्टरवर एकच झाड. सुमात्रात अकेशिया मँजियमची पाच वर्षांची तोड छान चालली होती. सेराटोसिस्टिस बुरशीची मर आणि मुळं कुजवणारा गॅनोडर्मा आला आणि मोठी क्षेत्रं निलगिरीच्या पेलिटा जातीकडे वळवावी लागली. मर येते ती जखमेतून: चुकीच्या वेळी केलेली छाटणी, माकडं-खारींनी सोललेली साल. निलगिरीवर पानांना गाठी आणणारी लेप्टोसायबी गांधीलमाशी २००० च्या सुमारास पश्चिम आशियात दिसली आणि काही वर्षांत खंडोखंडी पोचली. रोपवाटिकेतूनच ती रोपांबरोबर जाते, म्हणून रोप हलवण्याआधी देठ आणि पानाची मधली शीर तपासायची. उपाय औषधफवारणीपेक्षा तिच्यावर जगणाऱ्या परोपजीवी माश्या सोडण्याचा.

म्हणून एका क्लोनचे सलग पट्टे छोटे ठेवणं आणि एका वेळी अनेक असंबंधित क्लोन लावणं हा विम्याचा हप्ता समजा. जास्तीत जास्त वाढीच्या मागे लागलेला व्यवस्थापक तोच आधी चुकवतो.

आणि साल. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम खूप असतं. शेतातच सोलून साल आणि पाला तिथेच पसरला तर पुढच्या फेऱ्याला खत कमी लागतं आणि कारखान्याच्या डायजेस्टरमध्ये (चिप्स शिजवायच्या भांड्यात) कॅल्शियमचा थरही कमी बसतो. साल बॉयलरला हवी म्हणून सगळी उचलून नेली की दोन-तीन फेऱ्यांनी जमीन उत्तर देते.

कोरा_ताव

एवढं लाकूड लावायचंच कशाला? तंतू पाच-सात वेळा वापरता येतो म्हणतात. रद्दी नीट गोळा केली तर नवं लाकूड नावापुरतं लागेल ना?

लगदेबाज

कोरा_ताव, "पाच-सात वेळा" ही तंतूची क्षमता झाली, प्रत्यक्ष वापर नव्हे. कुठलाही तंतू किती फेऱ्या मारतो हे गोळा होण्याचं प्रमाण आणि उतारा ठरवतात.

समजा १०० किलो कागदातला ७५ किलो परत आला. रद्दीतून लगदा करताना पिना, चिकटपट्टी, शाई, चुरा, भरणद्रव्य (कागदात मिसळलेली खनिज पूड) जातं, उतारा ८५ टक्के धरा (पुठ्ठ्यासाठी ठीक, शाई काढून टिश्यू करायचा तर ६०-७० टक्क्यांवर येतो). ७५ गुणिले ०.८५ म्हणजे ६४ किलो. उरलेले ३६ किलो दरवर्षी नवेच लागणार. या हिशेबाने तंतू सरासरी वापरला जातो १ भागिले ०.३६, म्हणजे पावणेतीन वेळा. गोळा होणं ८५ टक्क्यांवर नेलं तरी नवा तंतू २८ किलो लागतोच. टिश्यू, मेणकागद, साठवलेले दस्तऐवज हे परत येत नाहीत, त्यामुळे ८५ च्या पुढे जाणं अवघड.

तंतू दमतो तो वाळताना. पहिल्यांदा वाळला की भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवली तरी पूर्ण उघडत नाहीत. तंतू ताठ राहतो, शेजारच्याला चिकटत नाही, ताणबळ घटतं. रिफायनिंग (तंतू पात्यांमध्ये रगडणं) वाढवून ते परत मिळवायला गेलं तर तंतू तुटतो, चुरा वाढतो, वायरवर (मशीनच्या जाळीवर) पाणी गळत नाही आणि मशीनचा वेग उतरतो. सर्वांत मोठी घट पहिल्याच फेरीत होते. ब्लीच केलेल्या क्राफ्टला हे जास्त लागतं, यांत्रिक (लाकूड नुसतं दळून केलेल्या) लगद्याला जवळजवळ नाही.

पुढचा पेच मात्र वेगळाच आहे. छपाईचा आणि ऑफिसचा पांढरा कागद जगभर कमी होतोय, खोकी आणि टिश्यू वाढताहेत. पांढऱ्या रद्दीवर चालणाऱ्या टिश्यू कारखान्याचा कच्चा माल त्यामुळे आपोआप आटतो आणि तो ताज्या निलगिरीकडे वळतो. म्हणजे कागद कमी वापरल्याने एका कोपऱ्यात लाकडाची मागणी वाढते! आणि चीनने १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात बंद केल्यावर तिथल्या पुठ्ठा कारखान्यांना बाहेरून रद्दीचा लगदा किंवा ताजा लांब तंतू आणावा लागला. फिरत्या रद्दीत मधूनमधून लांब तंतू मिसळला नाही तर खोक्याची फुटण्याची आणि दाब सोसण्याची ताकद ढासळते.

चिपाड

लाकडावरच का अडलात? गहू-तांदळाचा पेंढा, उसाचं चिपाड, बांबू आहेत की. बांबूचा तंतू तर २ मिमीच्या आसपास, जवळजवळ लांबांच्या पंगतीत.

पण मीच अडचणीही सांगतो, कारण या मालाची भलावण करणारे त्या लपवतात आणि मग कारखाने बसतात.

१. सिलिका. गव्हाच्या पेंढ्यात ४ ते ८ टक्के, तांदळाच्या पेंढ्यात १० ते १५ आणि वरही. अल्कलीत शिजवताना ती विरघळून ब्लॅक लिकरमध्ये (शिजवून उरलेल्या काळ्या द्रावणात) जाते. लिकर दाट व्हायच्या आतच चिकट होतं, बाष्पीभवनाच्या नळ्यांवर काचेसारखा थर बसतो, आणि पुढे चुन्याच्या गाळात सिलिका उतरल्याने तो गाळ भाजून परत वापरता येत नाही. रसायनं परत मिळाली नाहीत तर क्राफ्टचं सगळं अर्थकारण कोसळतं. पेंढा कापून, झाडून, ओला धुऊन पानं आणि पेरं जितकी काढाल तितकी सिलिका आधीच कमी होते. तांदळाच्या पेंढ्याला एवढ्याने भागत नाही.

२. साठवण. कापणी काही आठवड्यांची, कारखाना वर्षभराचा. गासड्यांची घनता १००-१५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे ट्रक भरतो पण वजन भरत नाही. ओलावा १५ टक्क्यांच्या वर राहिला की गंजी आतून तापते, बुरशी धरते.

३. चिपाडातला भुसा, म्हणजे गर. कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के. तो तंतू नव्हेच. रसायन पितो आणि वायर बुजवतो. आधी साखर कारखान्यातच ओलसर अवस्थेत गर काढायचा, मग लगद्याच्या दारात पाण्यात दुसऱ्यांदा. पहिली पायरी गाळली तर गराची वाहतूक अंगावर पडते.

४. पाणी गळणं. गव्हाच्या पेंढ्याचा लगदा रिफायनिंग न करताच इतका सावकाश गळतो की वेगवान मशीनवर तो एकटा चालवता येत नाही. मिश्रणात १०-२० टक्के ठीक, पुढे पाणी पिळणाऱ्या प्रेसमध्ये शीट चिरडते.

बांबूचं वेगळंच. एका जातीचं अख्खं बेट एकदम फुलतं आणि मरतं. मेलोकॅना बॅसिफेराचं चक्र सुमारे ४८ वर्षांचं. फक्त तिच्यावर बेतलेला कारखाना असेल तर फुलोऱ्याच्या सालात चंगळ आणि मग काही वर्षं हात रिकामे. वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या जाती लावणं हाच मार्ग. वनरेषांच्या क्लोनच्या मुद्द्यासारखंच.

ढलपी

लांब तंतूच्या टंचाईचं खरं मूळ अजून कोणी काढलं नाही: तो बऱ्याच ठिकाणी कागदासाठी तोडलेल्या झाडातून येतच नाही. तो आरागिरणीतून येतो. गोल ओंडक्यातून चौकोनी फळी काढली की ढोबळमानाने निम्मं लाकूड फळीत, तिसरा हिस्सा चिप्समध्ये, बाकी भुसा. कॅनडातले अनेक लगदा कारखाने या चिप्सवर उभे राहिले. म्हणजे तुमच्या कच्च्या मालाचा पुरवठा घरबांधणी ठरवते. फळीचा भाव पडला, आरागिरणीने पाळी बंद केली, की लगद्याला कितीही मागणी असो, चिप्स नाहीत. मग अख्खा ओंडका विकत घेऊन चिपरला घालावा लागतो आणि तो दर परवडत नाही.

ब्रिटिश कोलंबियात नेमकं हेच झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीला माउंटन पाइन बीटल या सालकिड्याचा उद्रेक सुरू झाला. पिल्लं मारणारी कडक थंडी पडेना. सुमारे १.८ कोटी हेक्टरवर परिणाम झाला आणि विक्रीजोगा पाइन निम्म्याहून जास्त मेला. आधी मेलेलं लाकूड उचलायची घाई, म्हणून चिप्सची रेलचेल. नंतर उभं लाकूडच कमी, आरागिरण्या बंद, मग लगदा कारखाने बंद. मध्य युरोपात २०१८ च्या दुष्काळानंतर स्प्रूसवर सालकिड्याने तोच क्रम सुरू केला. भविष्याचं बोलायचं तर हा नमुना पुन्हा दिसणार हे धरून चाला: आधी पूर, मग कोरड.

किड्याने मारलेलं लाकूड शिजवता येतं, पण तसंच नाही. जिवंत पाइनमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. उभ्या वाळलेल्यात तो ३० च्या खाली जातो. त्याचे परिणाम असे:

सुरी लागली की लाकूड चिरण्याऐवजी फुटतं, काड्या आणि चुरा वाढतो. चिपरमध्ये पाणी मारल्याने थोडा फरक पडतो. चिपच्या आत हवा भरलेली असते, म्हणून शिजवण्याआधीची वाफ जास्त वेळ द्यावी लागते. नाहीतर हवा कोंडून लिकर आत शिरत नाही आणि चिपचा गाभा कच्चा राहतो. निळी बुरशी क्राफ्टला फारशी नडत नाही, ब्लीचमध्ये जाते. यांत्रिक लगद्याचा शुभ्रपणा मात्र घसरतो. साल मेलेल्या झाडावर आधी सैल होते पण वाळून चिकटली तर साल काढायच्या ड्रममध्ये जास्त वेळ घालवावा लागतो आणि तेवढं लाकूडही झिजून जातं.

चिप्सच्या मापाकडे दुर्लक्ष करून कोणी लाकूडटंचाईवर बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. लांबी २०-२५ मिमी, पण शिजण्याच्या दृष्टीने खरी जाडी: पाइनला ४ ते ६ मिमी. चाळणीत ८ मिमीच्या फटीवर राहिलेली चिप शिजत नाही, गाठ होऊन परत येते. ३ मिमीच्या भोकातून पडलेला चुरा आधीच शिजून विरघळतो आणि वर डायजेस्टरमध्ये लिकरचा रस्ता अडवतो. दोन्ही टोकांना उतारा जातो. सुऱ्या बदलायला चार तास उशीर करून जेवढं लाकूड वाया जातं तेवढं वाचवायला रोपवनात वर्षं जातात.

आणि ढीग. ताज्या चिप्समधल्या जिवंत पेशी श्वास घेतात, मग जिवाणू कामाला लागतात. दहा-बारा दिवसांत आतलं तापमान ६० अंशांकडे जातं. महिन्याला साधारण १ टक्का लाकूड असंच हवेत जातं. जो माल आधी आला तो आधी वापरा, ढीग बुलडोझरने दाबू नका, चुऱ्याचे थर बसू देऊ नका. तिथेच तो आधी तापतो.

सालपट

ढलपी, आरागिरणीचा मुद्दा मी गृहीत धरायला हवा होता, चुकलंच. मग उताऱ्याचा हिशेबही इथेच टाकतो. वर्षाला १० लाख टनांचा निलगिरी कारखाना: ३६ लाख घनमीटर, हेक्टरी ३६ ने एक लाख हेक्टर निव्वळ लागवड (ओढ्याकाठचं राखीव जंगल, रस्ते, जाळरेषा वेगळ्या). उतारा ५० चा ५१ केला तर टनामागे ३५ किलो लाकूड वाचतं. वर्षाला ७०,००० घनमीटर. म्हणजे सुमारे २,००० हेक्टर न लावता मिळाले.

तो एक टक्का कुठून काढायचा हे लगदेबाज सांगतील.

लगदेबाज

सोपा मार्ग शिजवणं आधी थांबवण्याचा. काप्पा आकडा (लगद्यात उरलेल्या लिग्निनचं, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाचं माप) पाइनला २५-३० आणि निलगिरीला १५-२० वर थांबवतात. डायजेस्टरमध्ये लिग्निनचे शेवटचे कण काढायला गेलं की त्याबरोबर सेल्युलोजही तुटतं. म्हणून थोडं कच्चं बाहेर काढून पुढचं काम ऑक्सिजनला द्यायचं. तो काप्पा ४० ते ५० टक्के खाली आणतो आणि उतारा कमी खातो. अट अशी की आधीची धुलाई चांगली हवी. लिकर सोबत गेलं तर ऑक्सिजन त्यावरच खर्च होतो.

अँथ्राक्विनोन हे रसायन शिजवताना लाकडाच्या ०.०५ ते ०.१ टक्के घातलं तर उतारा वाढतो, पण २०१३ मध्ये जर्मनीने अन्नाला लागणाऱ्या कागदासाठीच्या शिफारशीतून ते काढलं, त्यामुळे पॅकेजिंगवाले हात लावत नाहीत. पॉलिसल्फाइड (लिकरमधलं गंधकाचं रसायन) उरतं. एक-दोन टक्के देतं, मात्र लिकरच्या चक्रात वेगळं यंत्र जोडावं लागतं.

उलट दिशेचं पाहा. व्हिस्कोस कापडासाठी विरघळणारा लगदा करायचा तर उतारा ३५-४० टक्के. त्याच ओंडक्यातून कापड निघायला लागलं की कागदाला तेवढं लाकूड कमी.

वनरेषा

जनुकबदल केलेल्या निलगिरीचं कोणी विचारेल म्हणून आधीच लिहितो. ब्राझीलने २०१५ मध्ये एका जलदवाढीच्या निलगिरीला व्यापारी मान्यता दिली. पण एफएससी हे जबाबदार वनव्यवस्थापनाचं प्रमाणपत्र अशा झाडांना मिळत नाही, आणि युरोपचे ग्राहक प्रमाणपत्राशिवाय घेत नाहीत. तंत्र तयार आहे, बाजाराचं दार अर्धं बंद.

त्याहून जवळचं संकट कागदपत्रांचं. युरोपीय संघाचा २०२३/१११५ हा जंगलतोडविरोधी नियम ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं लाकूड, लगदा, कागद घेत नाही. अंमलबजावणी लांबत गेली, पण तयारीला सुटी नाही. लाकूड जिथे वाढलं तो जमिनीचा तुकडा कळवायचा: ४ हेक्टरपेक्षा मोठा असेल तर सीमारेषा, लहान असेल तर एक बिंदू, अक्षांश-रेखांश सहा दशांशांपर्यंत. चिप्सचा ढीग चाळीस तुकड्यांतून आला तर चाळीसही द्यायचे, आणि एक संशयास्पद निघाला तर अख्खी खेप अडकते. लहान शेतकऱ्यांकडून ओंडके घेणाऱ्यांनी तोलकाट्यावरच तुकड्याचा क्रमांक नोंदवायला सुरुवात करावी. ढीग मिसळल्यावर वेगळं करता येत नाही.

चिपाड यांच्यासाठी अवांतर: या नियमाच्या यादीतून बांबूचा लगदा-कागद आणि रद्दी वगळली आहे.

कोरा_ताव

मग प्रश्न उलटा विचारतो. लांब तंतू मिळणारच नसेल तर कमी लांब तंतूत कागद कसा काढायचा?

लगदेबाज

हा योग्य प्रश्न. कॉपी कागद शंभर टक्के निलगिरीवर निघतो, ब्राझील-पोर्तुगालमध्ये कधीपासून. लांब तंतूची गरज तिथे सुकलेल्या कागदापेक्षा ओल्या शीटला असते: वायरवरून प्रेसकडे जाताना मोकळ्या हवेत ओढ बसते आणि शीट तुटते. ही मोकळी ओढ काढून टाकली, शीट सतत फेल्टच्या (नमद्याच्या पट्ट्याच्या) आधाराने नेली आणि शू प्रेसने (रुंद पट्ट्यावर दाब देणाऱ्या प्रेसने) कोरडेपणा वाढवला की लांब तंतूचं प्रमाण उतरवता येतं.

जिथे तो लागतोच (टिश्यूत साधारण २०-३० टक्के), तिथे आधी हे तपासा: दोन्ही लगदे एकत्र रिफाइन होतात का? होत असतील तर थांबवा. निलगिरीला धारेवरचा भार (रिफायनरच्या पात्याच्या दर मीटर धारेमागची ऊर्जा) ०.३ ते ०.८ वॉट-सेकंद प्रति मीटर हवा, पाइन-स्प्रूसला १.५ ते ३. एकत्र केल्यावर मधला आकडा निवडतात. निलगिरी चिरडते आणि लांब तंतू तसाच राहतो, म्हणून ताकद कमी वाटते आणि आणखी लांब तंतू घातला जातो. वेगळे केले की बहुतेक वेळा तो काही टक्के कमी करता येतो.

पुठ्ठ्यात थर वेगळे करा: बाहेरच्या दोन थरांत क्राफ्ट, मधल्या थरात बीसीटीएमपी (रसायन आणि उष्णता देऊन, यंत्राने दळून ब्लीच केलेला लगदा). त्याचा उतारा ८५-९० टक्के, म्हणजे त्याच लाकडात जवळजवळ पावणेदोन पट तंतू, आणि फुगीरपणामुळे तीच ताठरता कमी वजनात. वीज भरपूर लागते, म्हणून स्वस्त वीज नसेल तिथे गणित बसत नाही.

भरणद्रव्य वाढवून तंतू वाचवणं (कॉपी कागदात २०-२५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट चालतं) हे मी शेवटी ठेवेन. प्रत्येक टक्क्याला तंतूंमधले सांधे कमी होतात, आणि तो कागद रद्दीत परत आला की तेच भरणद्रव्य गाळ होऊन बाहेर पडतं. वर मांडलेला ८५ टक्के उतारा तिथे धरता येत नाही.